मिठाचा वास

आमच्या साताऱ्याच्या घरात स्वयंपाकाची चव बघणं म्हणजे चोरी होती. सणावारी नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हे पुष्कळ घरांत पाळतात. आमच्या आईने तो नियम रोजच्या भेंडीच्या भाजीपर्यंत आणून ठेवला होता. ओट्याच्या वरच्या फळीवर अन्नपूर्णा बसलेली असायची आणि तिच्यापुढे वाटी ठेवल्याशिवाय कोणाचं पान वाढलं जायचं नाही. "मीठ लागलंय का, बघू का जरा?" असं विचारलं की आई झाकणाकडे बोट दाखवायची. "झाकण उचल आणि वास घे. कळतं."

आणि कळायचं. मीठ पडलेल्या आमटीचा वास भरलेला असतो, मीठ विसरलेल्या आमटीचा पोकळ. याहून नीट मला तेव्हा सांगता आलं नसतं, आणि सांगायची वेळही कधी आली नाही. पानाच्या डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढायची पद्धत होतीच. जेवण संपेपर्यंत त्या मिठाला कोणाचा हात लागला नाही, की आई पदराला हात पुसत समाधानाने आत जायची. तेच तिचं सर्टिफिकेट.

माझं सर्टिफिकेट बी.कॉम.चं होतं आणि ते मला नको होतं. मला फूड टेक्नॉलॉजी करायची होती. त्यासाठी गाव सोडून हॉस्टेलवर राहावं लागणार होतं, म्हणून तो विषय घरात एका जेवणात निकालात निघाला. ती चिडचिड मी लग्नातल्या भांड्यांबरोबर अमेरिकेत, इलिनॉयमधल्या शॉमबर्गला घेऊन आले. नवरा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, आणि मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली. त्या व्हिसावर नोकरी करता यायची नाही, शिकता यायचं. पहिला हिवाळा मी खिडकीत उभं राहून, पार्किंग लॉटमधल्या बर्फावर मीठ टाकत जाणारा ट्रक बघण्यात घालवला. दुसरा हिवाळाही तसाच जाणार असं दिसायला लागलं, तेव्हा माझ्या अंगात आलं. मी नवऱ्याला म्हटलं, "मला शिकायचंय. आणि अकाउंट्स सोडून काहीही."

आमच्यापासून अडीच तासांवर, मक्याच्या शेतांच्या मधोमध, एक मोठं विद्यापीठ आहे. तिथे फूड सायन्स शिकवतात हे कळल्यावर आम्ही एक दिवस ड्राइव्ह करून गेलो. तिथल्या सल्लागार बाईंनी माझे सगळे कागद शांतपणे पाहिले आणि शांतपणेच सांगितलं, की कॉमर्सचा इथे काही उपयोग नाही. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, गणित आणि फूड सायन्सचे सुरुवातीचे कोर्स कर, मार्क चांगले आण, फूड सायन्स शिकवणाऱ्या प्राध्यापकांची शिफारस आण, मग बघू. साताऱ्यात 'मग बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. मी गाडीत बसेपर्यंत ठरवून टाकलं होतं, की इलिनॉयमध्ये त्याचा अर्थ 'हो' आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे विटांची बुटकी इमारत आणि तिच्या चौपट पार्किंग. वर्गात नुकती शाळा सुटलेली मुलं, सैन्यातून परत आलेले तरुण, कारखाना बंद पडल्यामुळे नव्याने शिकायला आलेले आजोबाच म्हणावेत असे एक गृहस्थ. मला वाटलं होतं, सत्ताविसाव्या वर्षी मी तिथे काकू दिसेन. पण कोणी कोणाकडे तसं बघतच नव्हतं. मी पहिल्या बाकावर बसायचे आणि रसायनशास्त्राची गणितं अशी सोडवायचे, जणू कोणाचा तरी सूड घेते आहे. पहिल्या सेमिस्टरचे मार्क मी नवऱ्याला कॉम्प्युटरवर दोनदा दाखवले. दुसऱ्यांदा त्याने नुसतं "यार, दिसलं मला" म्हटलं.

दुसऱ्या सेमिस्टरला फूड सायन्सची लॅब सुरू झाली आणि बाई भेटल्या. त्यांना सगळी मुलं सरळ नावाने हाक मारायची. माझी जीभ काही वळेना, म्हणून तोंडाने मी 'प्रोफेसर' म्हणायचे आणि मनात 'बाई'. उंच, पिकलेले केस पुरुषासारखे कापलेले, आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जाणारा. पूर्वी एका सूपच्या कारखान्यात होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी चमच्यांची एक बादली टेबलावर आपटली. एक चमचा एकदाच तोंडात, मग तो दुसऱ्या बादलीत. तोंडाला लागलेला चमचा परत भांड्यात गेला तर मार्क शून्य. हे असं कडक उष्टं-खरकटं पाळणं बघून मला वाटलं, ही बाई आपल्यातलीच आहे. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि चव घेतल्याशिवाय कोणतीही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाणार नाही." मी मान डोलावली. पण माझा हात त्या बादलीकडे कधी गेला नाही.

माझा लॅब पार्टनर एक धिप्पाड मुलगा होता. सकाळी एका हॉटेलात ऑम्लेटं करायचा आणि दुपारी वर्गात यायचा. आम्हा दोघांना मिळून टोमॅटोचं सूप करायचं होतं, आणि ते कॉलेजातले दहाबारा लोक येऊन चाखणार होते. मी सूप ढवळलं, वास घेतला. पोकळ. म्हटलं, मीठ राहिलेलं दिसतंय, म्हणून रेसिपीत होतं तेवढं मीठ मोजून घातलं. त्याने ते आधीच मोजून घातलं होतं. मी चव घेतली नाही कारण मी कधीच घेत नाही. त्याने घेतली नाही कारण त्याला टोमॅटो आवडत नव्हता.

पहिला घोट घेतलेल्या ग्रंथपाल बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी गिळलं, सभ्यपणाने. पुढच्याने नाही गिळलं.

"चव कोणी घेतली होती?" बाईंनी विचारलं. पार्टनर जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मी वास घेतला होता. वासावरून मीठ कमी वाटलं." वर्ग हसला. सैन्यातला एक मुलगा तर टेबलावर हात आपटून हसला. माझे कान तापले. हसू बाईंनाही आलं असतं तर परवडलं असतं. त्या गंभीर राहिल्या, आणि तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"मिठाला वास नसतो," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे येतो," मी म्हणाले. रागात माणूस काहीही बोलतो, पण हे मी खरं मानून बोलले होते.

लॅबमध्ये मला सी ग्रेड मिळाली. विद्यापीठासाठी शिफारस मागायला मी बाईंच्या खोलीत गेले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तू मेहनती आहेस. पण जी स्वतः केलेलं चाखत नाही, तिला मी या धंद्यात कशी पाठवू?" मग म्हणाल्या, "पुढच्या सेमिस्टरला प्रत्येकाने एक प्रश्न निवडून त्यावर प्रयोग करायचा आहे. तुझा प्रश्न मी निवडला आहे. वासावरून मीठ कळतं, हे दाखव. दाखवलंस तर मी शिफारस लिहीन. नाही जमलं, तर चाखायला शीक, आणि पुढच्या वर्षी ये."

ते पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतं. नवऱ्याचं प्रोजेक्ट जर्सी सिटीला हलणार होतं. त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुझी अॅडमिशन झाली तर मी इथलंच दुसरं काम मागून घेतो. नाही झाली तर आपण जर्सीला जाऊ, आणि मग तू चिडायचं नाहीस." चिडायचं नाही, हे त्याला मी कबूल केलं होतं. पाळलं असतं असं मात्र वाटत नाही.

उन्हाळ्यात नागपूरहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. मी त्याच काळात चाखायला शिकत होते. बाईंची अट म्हणून नव्हे, हट्ट म्हणून. आपल्याला येत नाही असं काही उरता कामा नये. पहिल्यांदा शिजत्या वरणातलं चमचाभर वरण मी देवाच्या फोटोकडे पाठ करून तोंडात घातलं, तेव्हा घशाखाली उतरेना. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"काय करून राहिली तू?"

"आई, कॉलेजचा अभ्यास आहे."

"असा कोणता अभ्यास असते बाप्पा, देवाच्या आधी खायचा?" त्या दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. सूप, वर्गातलं हसणं, बाईंची अट, जर्सी सिटी. ऐकता ऐकता त्यांनी कमरेला पदर खोचला. "मिठाचा वास येत नाही म्हणते? मला तर दारातून कळते. ने मला तुझ्या कॉलेजात."

मी त्यांना नेलं नाही, आधी वर्गातल्या मुलांना घेतलं. प्रयोग सोपा होता. एकाच भांड्यातलं पातळ वरण, जिरं-हिंग घातलेलं. त्याचे तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. कधी मीठ एका कपात, कधी दोन कपांत. चाखायचं नाही, फक्त वास घेऊन वेगळा कप ओळखायचा. अंदाजाने बोट ठेवलं तरी तीनदा एकदा बरोबर येणारच, त्यामुळे त्याहून किती जास्त येतं ते बघायचं. सप्टेंबरातल्या एका तासाला मी प्लास्टिकचे कप मांडले. मुलांनी अंदाजाने जेवढं यावं तेवढंच ओळखलं. मग मी स्वतः बसले आणि पार्टनरने कप मांडले. मला काहीही आलं नाही. तिन्ही पोकळ. पुन्हा घेतले, पुन्हा पोकळ. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी निकाल वहीत लिहून घेतला, आणि ते मला वर्गाच्या हसण्याहून जास्त लागलं.

घरी येताना मी गाडीत रडले. आई इतकी वर्षं नुसती श्रद्धेने बोलत होती आणि मी नुसत्या सवयीने ऐकत होते, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. त्याचंच रडू जास्त होतं.

अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये फोडणी देणं हा एक स्वतंत्र उद्योग असतो. मोहरी तडतडली की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळतो, म्हणून आमच्याकडे गॅस पेटवायच्या आधी एक्झॉस्ट फॅन लागायचा. एका रविवारी तो फॅन बंद पडला. दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. मी आमटी टाकली, सासूबाई अलार्मखाली उभ्या राहून टॉवेल हलवायला लागल्या, नवरा कामाचा कॉल घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसला. फोडणी निभावली. आमटी उकळली. मी झाकण उचललं आणि वाफ तोंडावर आली.

पोकळ.

"आई, तुम्ही मीठ घातलंत?"

"तूच घालणार होती ना?"

कोणीच घातलं नव्हतं. मी मीठ घातलं, झाकण ठेवलं, थोडा वेळ उकळू दिलं आणि परत उचललं. साताऱ्याचं स्वयंपाकघर माझ्या नाकात शिरलं. मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. सासूबाई टॉवेल हलवायच्या थांबल्या आणि अलार्म वाजायला लागला, तरी मला हलता येईना. आल्यापासून मी त्या घरघरणाऱ्या फॅनखाली स्वयंपाक करत होते. इथे मी मीठ चमच्याने मोजूनच घालत आले होते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तर छताएवढा फॅन होता, वाफ वर यायच्या आधीच ओढून नेणारा. आणि त्या दिवशीचे माझे कप गार होते. उघडे होते. आईने मला कधी "वास घे" एवढंच सांगितलं नव्हतं. तिने "झाकण उचल आणि वास घे" सांगितलं होतं. अर्धी सूचना मी विसरले होते.

सोमवारी मी बाईंच्या खोलीत शिरले ती दार न वाजवताच. ऐकून त्या खुर्चीत पुढे सरकल्या. फळ्यावर भांडं काढलं, पाणी काढलं, वर वाफ काढली. मिठाला स्वतःचा वास नाही, हे त्यांचं म्हणणं कायम होतं. पण मीठ पाण्यात उतरलं की पाणी त्याच्याभोवती गोळा होतं, आणि जिऱ्या-हिंगाचे वासाचे कण पाण्यातून बाहेर ढकलले जातात, वाफेत येतात. मुलीच्या सासरची मंडळी मुक्कामाला आली की घरातली पोरं गच्चीवर झोपायला पिटाळली जातात, तसं काहीसं. "परिणाम बारीक असतो," बाई म्हणाल्या. "नाकाला वर्षानुवर्षांची सवय हवी. अशी नाकं तू कुठून आणणार?"

नाकं मला ठाऊक होती. उन्हाळा लागला की शॉमबर्गमध्ये महाराष्ट्रातल्या आया उतरतात. कोणाची मुलगी बाळंत झालेली, कोणाच्या मुलाने तिकीट पाठवलेलं. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकांवर त्यांची सभा भरते. थंडी पडायच्या आत सगळ्या परत जातात. सासूबाईंनी त्या सभेत विषय मांडला आणि एकजात सगळ्या तयार झाल्या. सहा महिन्यांच्या मुक्कामात नातवंडं सांभाळण्याखेरीज त्यांच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं. त्यांच्या मुलांनी थोडी कुरकुर केली. "आईला कॉलेजमध्ये टेस्टला? वीकएंडला? कॅन्सल नाही का करता येणार?" आयांनीच मुलांना गप्प केलं.

एक मावशी तेवढ्या थांबून मला बाजूला घेऊन बोलल्या. नागपूरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, मुलींचं वसतिगृह चालवलेलं. "आम्ही बौद्ध. आमच्याकडे नैवेद्य वगैरे नसतो. तुझ्या प्रयोगात चालेल ना?" मी म्हटलं, "मावशी, वासावरून कळतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "एवढ्या मुलींचं जेवण रोज. प्रत्येक पातेल्यातलं चाखत बसले असते तर शाळा कधी चालवली असती?"

तो शनिवार. लॅबचा फॅन बंद. प्लास्टिकचे कप फेकून मी घरचे स्टीलचे पेले आणले होते, प्रत्येकावर वाटीचं झाकण, सगळे गरम पाण्यात ठेवलेले. बाईंनी पुठ्ठ्याचे आडोसे लावून टेबलाचे कप्पे केले होते. आया दहावीच्या परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या. एक जण तर पेन घेऊन आली होती. पार्टनर एकेकीपुढे पेले मांडत होता आणि त्या त्याला "थँक्यू बाळा" म्हणत होत्या.

पहिल्या फेरीचा बट्ट्याबोळ झाला. पुठ्ठ्याच्या पलीकडून आवाज आला, "मधला आहे हो, मधला." दुसरीकडून, "मला पण मधलाच वाटतोय." आपल्याला कळलं आणि शेजारणीला नाही, तर तिला न सांगता बसणं या बायकांना शक्यच नव्हतं. आयुष्यभर एकमेकींच्या भाज्या निवडून दिलेल्या. बाईंनी मला विचारलं, "काय बोलतायत?" मी भाषांतर केलं. बाई खळखळून हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. ती फेरी रद्द केली. पुढच्या फेरीपासून प्रत्येकीपुढे पेल्यांची मांडणी वेगळी, आणि मी सक्त ताकीद दिली की ज्या बोलतील त्यांना चहा मिळणार नाही.

मग खोलीत शांतता पसरली. वाटी उचलल्याचा आवाज, एक लांब श्वास, वाटी ठेवल्याचा आवाज. फेरीमागून फेरी. वर्गातली मुलंही या वेळी गरम पेले घेऊन शेवटच्या ओळीत बसली होती, तुलनेसाठी.

बाईंनी पुस्तकातलं कोष्टक उघडून निकाल ताडून पाहिला. मुलांचा निकाल गरम पेल्यांनीही फारसा हलला नव्हता. आयांचा निकाल योगायोगाच्या इतक्या पलीकडे होता, की बाईंनी तो पुन्हा पहिल्यापासून मोजला. मुख्याध्यापिका मावशींचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. आणि दारातून मीठ कळणाऱ्या आमच्या सासूबाईंचं एकही बरोबर आलं नव्हतं. "तुझे पेलेच तसे होते," त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या. नवऱ्याने हसू दाबायला रेडिओ लावला.

आयांना काय निघालं ते सांगायचं काम माझं होतं. मी मराठीत सांगितलं, की तुम्हाला येतं ते खरं आहे, आणि ते का खरं आहे तेही आता माहीत आहे. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाली, "हो, म्हणजे कळतंच की." दुसरीने विचारलं, चहा कुठे आहे. पण मी पाहिलं, जाताना त्यांनी बाईंशी हात मिळवले, एकेकीने, ताठ मानेने.

सगळे गेल्यावर बाई पेले पुसायला माझ्याबरोबर थांबल्या. "तुझी आई कुठे असते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "ती हे कुठे शिकली?" "तिच्या आईकडे," मी म्हणाले. बाईंनी पेला खाली ठेवला. "शिफारस मी सोमवारी लिहिते. आणि लॅबमध्ये तुला सी दिली होती, ते बरोबरच होतं. सूप खारट होतं."

"खारटच होतं," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

त्या सेमिस्टरला मला ए मिळाली. हिवाळ्यात अर्ज गेला. मार्चमध्ये एका दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, विद्यापीठाने मला घेतल्याचं वाचलं. खारट सूप गिळलेल्या त्याच ग्रंथपाल बाई समोरच्या टेबलावर होत्या. मी इतक्या जोरात "हो!" म्हटलं की त्यांनी बोट ओठांवर नेलं, आणि माझा चेहरा बघून ते तसंच खाली घेतलं. मी नाचले नाही, एवढंच. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी आत्ताच मॅनेजरकडे जातो." प्रोजेक्ट जर्सी सिटीला गेलं. आम्ही नाही गेलो. वयाच्या सतराव्या वर्षी एका जेवणात निकालात निघालेला विषय मी परत उघडला होता आणि जिंकला होता. त्या दिवशी पार्किंगमध्ये मला माझी गाडी बराच वेळ सापडली नाही, आणि त्याचंही मला काही वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये मी विद्यापीठाच्या गावी राहायला गेले, आणि लगेच गणपती आले. अमेरिकेत बाप्पाचं जेवणही वीकएंड बघून ठरतं. शनिवारी मी शॉमबर्गला घरी होते. बाईंना जेवायला बोलावलं होतं, पार्टनरलाही. उकडीचे मोदक, आमटी, बटाट्याची भाजी, वरणभात. विद्यापीठात आठवडाभर मी चमच्यांवर चमचे चाखत होते आणि त्यात आता मला काही अवघड वाटत नव्हतं. पण त्या सकाळी मी फॅन बंद केला, खिडकी उघडली आणि नवऱ्याला टॉवेल देऊन अलार्मखाली उभं केलं. एकेक झाकण उचललं, वास घेतला, झाकण ठेवलं. तोंडात काही घातलं नाही.

आरती झाली, नैवेद्य झाला. पानं वाढली. डाव्या बाजूला चिमूट चिमूट मीठ. बाईंनी विचारलं, "हे कशाला?"

"कमी वाटलं तर घ्यायला," मी म्हणाले. "यातलं काहीही मी चाखलेलं नाही. तुमचा नियम मी आज मोडलाय."

पार्टनर चमचा उचलणार, तेवढ्यात बाईंनी त्याचा हात धरला. त्यांनी आमटीची वाटी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले, आणि एक लांब श्वास घेतला. प्रवेश कधीच मिळाला होता, वर्ग सुरू झाले होते, आणि तरी माझी खरी परीक्षा आत्ता चालली आहे असं मला वाटत होतं.

त्यांनी डोळे उघडले. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि मग चमचा उचलला.

जेवणं झाल्यावर मी पानं आत नेली. साताऱ्यात मध्यरात्र होत आली होती, पण गणपतीत आई लवकर झोपत नाही. पदराला हात पुसून मी फोन लावला.

"आई, आज माझ्या बाई जेवायला होत्या. कोणाच्याही पानातलं मीठ हललं नाही."

"चव बघितली नव्हतीस ना?"

"नाही. झाकण उचललं आणि वास घेतला."

"मग?" आई म्हणाली. "कळतं."